गालापागोसच्या पायऱ्या आणि एक न विचारलेला प्रश्न

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या दवाखान्यात एका विशिष्ट प्रकारची गर्दी सुरू होते. परदेशी राहणारी मुले येऊन गेलेली असतात आणि जाताना आईवडिलांच्या हाती एखाद्या सहलीची पावती ठेवून गेलेली असतात. मग सत्तरी ओलांडलेले जोडपे माझ्यासमोर येऊन बसते. यजमानांच्या हातात प्रवास कंपनीचा वैद्यकीय अर्ज असतो. ‘प्रवासास योग्य’ या शब्दांखाली माझी सही हवी असते, आणि शक्यतो पाच मिनिटांत हवी असते.

पूर्वी अशी सही चारधाम यात्रेसाठी लागे, पुढे ती युरोपसाठी लागू लागली. अलीकडे या अर्जांत एक नवा प्रकार दिसू लागला आहे. उष्ण कटिबंधातील दूरच्या, बहुतांशी निर्मनुष्य बेटांमधून लहान जहाजाने केलेली सफर. तिला ‘एक्स्पिडिशन क्रूझ’ म्हणतात. हजारो प्रवाशांच्या, नाटकगृहे आणि तरणतलाव असलेल्या मोठ्या जहाजांशी तिची गल्लत करू नये. मोठे जहाज धक्क्याला लागते आणि प्रवासी जिन्यावरून सावकाश उतरतो. या सफरीत बहुतेक ठिकाणी धक्का नसतोच. जहाज समुद्रात नांगर टाकून उभे राहते, आणि दिवसातून दोनदा रबरी होडीत बसून आपण बेटावर जायचे असते. म्हणजे दिवसातून चार वेळा, हलत्या पाण्यावर, एका हलत्या वस्तूवरून दुसरीवर पाऊल टाकायचे असते.

अशी एक सफर मी स्वतः केली आहे. ती माझ्या थोरल्या चुलतभावाबरोबर, दादांबरोबर केली. तिची हकीगत आज सांगतो, कारण त्या प्रवासात एक चूक झाली, आणि ती रुग्णापेक्षा डॉक्टरची अधिक होती.

दादांचा हट्ट

दादा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. त्या वेळी वय ७४. पाच वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन अँजिओप्लास्टी झालेली. हृदयाची पंप करण्याची शक्ती थोडी कमी झाली होती, परंतु नेमाने औषधे घेऊन ते रोज तासभर चालत. वहिनी जाऊन दोन वर्षे झाली होती. अमेरिकेतील पुतणीने विचारले, “बाबा, तुम्हाला कुठे जायचंय?” तिला काशी किंवा रामेश्वर अशा उत्तराची अपेक्षा होती. दादा म्हणाले, “डार्विनची कासवं बघायची आहेत.”

पुतणीने मला फोन केला. “काका, तुम्ही आणि काकू बरोबर जाणार असाल तरच मी पैसे भरते.” माझे पहिले उत्तर ‘नको’ असेच होते. ते देताना मी दादांची प्रकृती तपासलेली नव्हती, केवळ त्यांचे वय ऐकले होते. आपण डॉक्टर मंडळी आणि आपण कुटुंबीय, दोघेही हे फार सहजपणे करतो. दादांनी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येऊन शांतपणे सांगितले, “नाही म्हणायचं असेल तर तपासून म्हण.”

मी तपासले. हृदयाची सोनोग्राफी, रक्तातील क्षार, मूत्रपिंडाचे कार्य, सारे पाहिले. मग त्यांना आमच्या इमारतीचे दोन जिने न थांबता चढायला लावले आणि एका पायावर दहा सेकंद उभे राहायला सांगितले. ते उभे राहिले. हृदयविकारतज्ज्ञांनीही संमती दिली. आम्ही निघालो.

मदत किती दूर आहे?

गालापागोस बेटे प्रशांत महासागरात विषुववृत्तावर वसलेली आहेत. ती इक्वेडोर देशाची असून त्या देशाच्या किनाऱ्यापासून सुमारे हजार किलोमीटर दूर आहेत. ज्वालामुखीतून निर्माण झालेली तेरा मोठी बेटे, आणि त्यांशिवाय अनेक लहान बेटे व खडक. गावे आहेत ती केवळ चार बेटांवर. १९५९ मध्ये येथे राष्ट्रीय उद्यान घोषित झाले आणि जवळजवळ ९७ टक्के भूमी त्या उद्यानात मोडते. १९७८ मध्ये युनेस्कोने या बेटांना जागतिक वारसा स्थळाचा मान दिला. येथे येणाऱ्या प्रवासी जहाजावर शंभरापेक्षा अधिक प्रवासी नसतात, आणि उद्यानाच्या अधिकृत मार्गदर्शकाशिवाय बेटांवर पाऊल टाकता येत नाही. पायवाट सोडायची नाही, प्राण्यांपासून दोन मीटर दूर राहायचे आणि पाण्याखेरीज खाण्यापिण्याची कोणतीही वस्तू किनाऱ्यावर न्यायची नाही, असे कडक नियम आहेत.

हे सारे निसर्गाच्या हिताचे आहे. परंतु आपल्यासारख्यांनी त्याचा दुसरा अर्थही समजून घ्यावा. सांताक्रूझ आणि सान क्रिस्तोबाल या बेटांवर रुग्णालये आहेत. मात्र हृदयावरील मोठ्या उपचारांसाठी रुग्णाला विमानाने मुख्य भूमीवर न्यावे लागते. ते विमान गाठण्याआधी जहाजाला विमानतळ असलेल्या बेटापर्यंत पोचावे लागते. पुण्यात छातीत दुखू लागले तर आपण मिनिटे मोजतो. येथे तासांचा हिशेब करावा लागतो आणि प्रसंगी तो दिवसावर जातो.

म्हणून अशी सफर ठरवताना पहिला प्रश्न जहाजाच्या जेवणाविषयी विचारू नये. जहाजावर डॉक्टर आहे का, प्राणवायू आणि हृदयाचा आलेख काढण्याचे यंत्र आहे का, हे विचारावे. मोठ्या क्षमतेच्या जहाजांवर बहुधा डॉक्टर असतो. सोळा-वीस प्रवाशांच्या छोट्या नौकांवर पुष्कळदा नसतो. आम्ही डॉक्टर असलेले जहाज निवडले, आणि रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च देणारा प्रवास विमाही घेतला. विम्याच्या अर्जात दादांचा झटका, स्टेंट आणि सर्व औषधे लिहिली. जुना आजार लपवलेला विमा नेमका गरजेच्या वेळी नाकारला जातो, हे ध्यानात ठेवावे.

निघण्यापूर्वी

या प्रवासात तीन गोष्टींनी मला अधिक विचार करायला लावला.

पहिली गोष्ट पीतज्वराची लस. गालापागोस बेटांवर पीतज्वर नाही. परंतु इक्वेडोर देश भारत सरकारच्या पीतज्वराच्या यादीत आहे. लसीचे प्रमाणपत्र नसताना अशा देशातून परतल्यास विमानतळावरून थेट सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात जावे लागू शकते. ही लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. ती जिवंत, परंतु दुर्बल केलेल्या विषाणूंची असते. वयाच्या साठीनंतर ती प्रथमच घेणाऱ्यांना गंभीर दुष्परिणामाचा धोका क्वचित, पण तरुणांपेक्षा अधिक असतो. प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेणाऱ्यांना किंवा अंड्याची तीव्र ॲलर्जी असणाऱ्यांना ती सहसा देत नाहीत. म्हणून तिकीट काढण्याआधी लसीचा विचार करावा, नंतर नव्हे. दादांचे भाग्य असे की, नोकरीत असताना ते एका धरणाच्या कामासाठी आफ्रिकेत गेले होते आणि त्या वेळचे पिवळे कार्ड त्यांनी ट्रंकेत जपून ठेवले होते. या लसीचे प्रमाणपत्र आता आजीवन ग्राह्य धरले जाते, मग त्यावर जुनी दहा वर्षांची मुदत लिहिलेली असली तरी. माझ्यासाठी आणि पत्नीसाठी मात्र नव्याने लस घ्यावी लागली.

दुसरी गोष्ट उंची. इक्वेडोरची राजधानी कीटो समुद्रसपाटीपासून सुमारे २८५० मीटर उंचावर आहे. पुष्कळ सहली तेथे दोन दिवस थांबून पुढे जातात. अशक्त हृदय किंवा दम्याचा आजार असलेल्या व्यक्तीला तेथील विरळ हवा त्रास देऊ शकते. ग्वायाकील हे त्याच देशातील बंदराचे शहर समुद्रसपाटीलगत आहे आणि तेथूनही बेटांकडे विमाने जातात. आम्ही तेथे मुक्काम केला.

तिसरी गोष्ट वेळ. गालापागोसचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे असते. म्हणजे आपली रात्र हा तेथला दिवस. सकाळची गोळी कोणत्या सकाळी घ्यायची, हा गोंधळ हमखास होतो. दिवसातून एकदाच्या बहुतेक गोळ्या तेथील सकाळी घेतल्या की झाले. परंतु इन्सुलिन घेणाऱ्यांनी प्रवासाच्या दिवसाचे वेळापत्रक आपल्या डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावे. दादांच्या गोळ्यांचा सात कप्प्यांचा डबा मी स्वतः भरला. औषधांची यादी व्यापारी नावांऐवजी मूळ रासायनिक नावांनी लिहिली, म्हणजे ती कोणत्याही देशातील डॉक्टरला कळते. सर्व औषधे हातातील पिशवीत ठेवली. माझी तयारी चोख झाली, अशी माझी समजूत होती.

पहिले तीन दिवस

बाल्ट्रा बेटावरच्या विमानतळावरून आम्ही जहाजावर चढलो. तेथे रबरी होडीला ‘पांगा’ म्हणतात. तिच्यात चढता-उतरताना खलाशाचा तळहात धरायचा नसतो. आपण त्याचे मनगट धरायचे आणि त्याने आपले. ओला तळहात निसटतो, मनगटावरची पकड निसटत नाही. हातात काठी, पिशवी, कॅमेरा काहीही ठेवायचे नाही. खडकावर उतरणे असेल तर त्याला ते ‘ड्राय लँडिंग’ म्हणतात. वाळूच्या किनाऱ्यावर होडीच्या काठावर बसून, पाय बाहेर फिरवून, गुडघाभर पाण्यात उतरावे लागते. ते ‘वेट लँडिंग’. दादांना दुसरा प्रकार अधिक सोपा वाटला. “विहिरीच्या काठावर बसल्यासारखं आहे,” ते म्हणाले.

त्यांनी ज्या उत्साहाने ते तीन दिवस घालवले तो मी विसरणार नाही. फर्नांदिना बेटाच्या काळ्या लाव्हावर शेकडो समुद्री इग्वाना एकमेकांवर रेलून उन्हात पडले होते. समुद्रात उतरून शेवाळ खाणारी जगातील ही एकमेव सरड्यांची जात. शेवाळाबरोबर पोटात गेलेले जास्तीचे मीठ हे प्राणी नाकाजवळच्या ग्रंथींतून बाहेर टाकतात, आणि मधूनच एखादा शिंकल्यासारखा फुत्कार करतो. दादा हसून म्हणाले, “याला पाण्याची गोळी लागत नाही बघ.” मीही हसलो. त्या वाक्याकडे मी लक्ष द्यायला हवे होते.

तिसऱ्या रात्री काही निमित्ताने त्यांच्या केबिनमध्ये गेलो. ते झोपायच्या तयारीत होते. उशीखाली त्यांनी नारिंगी रंगाचे लाइफ जॅकेट घडी करून ठेवले होते. मी विचारले तर म्हणाले, “उशी फार चपटी आहे रे.” मी ‘बरं’ म्हणून परत आलो.

वाचकहो, वैद्यकीय महाविद्यालयाच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्यालाही हे लक्षण ठाऊक असते. हृदयविकाराच्या रुग्णाला अचानक उंच उशी लागू लागली, सपाट झोपल्यावर धाप लागू लागली, तर फुप्फुसांत पाणी साचत असल्याचा संशय घ्यावा. घरच्या मंडळींनीही ही खूण लक्षात ठेवावी. मला ती दिसली आणि मी ती वाचली नाही, कारण त्या क्षणी मी डॉक्टर नव्हतो, सहलीला आलेला धाकटा भाऊ होतो.

चौथी सकाळ

बार्तोलोमे हे लहानसे बेट आहे. शिखरापर्यंत जाण्यासाठी, मातीची धूप होऊ नये म्हणून, सुमारे पावणेचारशे लाकडी पायऱ्यांची वाट बांधलेली आहे. वरून दिसणारे दृश्य गालापागोसच्या बहुतेक सर्व चित्रांत असते: दोन अर्धचंद्राकृती किनारे आणि त्यांच्या शेजारी उभा असलेला सुळका. दादांना ते पाहायचेच होते.

साठ-सत्तर पायऱ्या झाल्या असतील. दादा कठड्याला धरून थांबले. चेहरा करडा पडला होता, श्वास तोकडा झाला होता आणि ओठ कोरडे दिसत होते. मी त्यांचा मोजा खाली केला; घोट्यावर बोट दाबले तर खळगा तसाच राहिला. मार्गदर्शकाने वायरलेसवरून पांगा बोलावली. दोन खलाशांनी त्यांना जवळजवळ उचलूनच खाली आणले. त्या पायऱ्या उतरताना माझ्या डोक्यात एकच हिशेब चालू होता: विमानतळ किती तास, ग्वायाकील किती तास, आणि पुतणीला काय सांगायचे.

जहाजावरची डॉक्टर इक्वेडोरची होती, माझ्या मुलीच्या वयाची. तिने प्राणवायू लावला, आलेख काढला. नवा झटका नव्हता. फुप्फुसांच्या तळाशी मात्र पाण्याचे आवाज येत होते. मी तिला औषधांची यादी दाखवली आणि सांगितले की सर्व गोळ्या नेमाने चालू आहेत. तिने यादी पाहिली, लघवी वाढवणाऱ्या गोळीच्या नावावर बोट ठेवले, आणि माझ्याकडे न बघता दादांना साध्या इंग्रजीत विचारले, “बेटावर असताना तुम्ही लघवीला कुठे जाता?”

दादांनी माझ्याकडे पाहिले आणि नजर खाली वळवली. मग चष्म्याचे घर उघडायला सांगितले. त्यात फ्युरोसेमाइडच्या चार पांढऱ्या गोळ्या होत्या. चार सकाळच्या चार. अभियंता माणूस, एकही गोळी त्यांनी फेकून दिली नव्हती.

खुलासा सरळ होता. निर्मनुष्य बेटांवर स्वच्छतागृह नसते. पायवाट सोडता येत नाही. होडीत चौदा-पंधरा माणसे, त्यांत निम्म्या स्त्रिया. पहिल्याच दिवशी त्यांना फार जोराची लागली होती आणि दीड तास त्यांनी कसाबसा काढला होता. त्यानंतर त्यांनी मनाशी ठरवले की सहल संपेपर्यंत ती गोळी नको. त्यातच जहाजावरचे खारवलेले चीज, सूप आणि ऑलिव्ह यांतून रोज मीठ पोटात जात होते. शरीरात पाणी साठत गेले. “तुला कसं सांगायचं, तुझी बायकोही बरोबर होती,” ते मला म्हणाले.

डॉक्टरने शिरेतून फ्युरोसेमाइड दिले. संध्याकाळपर्यंत श्वास सुधारला. दुसरा पूर्ण दिवस त्यांनी केबिनमध्ये आणि डेकवरच्या खुर्चीत काढला. रात्री ते एकाच उशीवर झोपले. मी दारातून दोनदा डोकावून पाहिले. औषधाला गुण आला म्हणून आम्हाला जहाजाचा मार्ग बदलावा लागला नाही. तो आला नसता तर काय झाले असते, हे मी येथे लिहीत नाही.

जे विचारायला हवे होते

या प्रसंगाचा धडा केवळ दूरच्या बेटांपुरता नाही. पंढरपूरची बस असो, नातवाचे लग्न असो की अष्टविनायकाची सहल, आपल्याकडील असंख्य वृद्ध, विशेषतः स्त्रिया, ‘मध्येच लागेल’ या भीतीने प्रवासाच्या दिवशी पाणी पीत नाहीत आणि गोळी टाळतात. विचारल्याशिवाय ते सांगत नाहीत, आणि आपण विचारत नाही. पाणी न प्यायल्याने चक्कर येते, रक्तदाब उतरतो, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होतो. गोळी टाळल्याने काय होते ते वर आलेच आहे. यावर उपाय आहेत आणि ते अवघड नाहीत.

लघवी वाढवणाऱ्या गोळीचा जोर साधारणपणे पहिल्या काही तासांत सर्वाधिक असतो. ती स्वतःच्या मनाने बंद करू नये. परंतु तिची वेळ बदलता येते का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. दादांना पुढील दिवसांत ती पहाटे पाच वाजता देण्यात आली. आठ वाजता होडी निघेपर्यंत त्यांच्या तीन फेऱ्या झालेल्या असत.

प्रौढांसाठी मिळणारे शोषक पॅड किंवा डायपर प्रवासात वापरण्यात काहीही कमीपणा नाही. चष्मा आणि कवळी आपण लावतोच. हेही तसेच एक साधन आहे. काळजी घेणाऱ्यांनी ते न बोलता पिशवीत ठेवावे, चारचौघांत त्याचा उल्लेख करू नये.

मार्गदर्शकाला निघण्यापूर्वीच एकीकडे गाठून सांगून ठेवावे. गरज पडली तर होडी बोलावून एखाद्या प्रवाशाला जहाजावर परत पाठवता येते, हे आम्हाला नंतर कळले. तशी वेळ त्याच्यावर अनेकदा आलेली असते.

हृदयविकाराच्या रुग्णाने रोज सकाळी लघवीनंतर, न्याहारीपूर्वी वजन करावे. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढले तर ती चरबी नव्हे, पाणी होय. हलत्या जहाजावर काटा विश्वासार्ह नसतो, म्हणून जहाज नांगरलेले असताना वजन घ्यावे. कमी मिठाचे जेवण हवे असल्याचे आरक्षणाच्या वेळीच कळवावे.

आणि काळजीवाहकांनो, गोळ्यांचा डबा रिकामा दिसला म्हणजे गोळी पोटात गेली, असे समजू नका. मी तसे समजलो होतो.

समुद्र लागणे

आणखी एका गोष्टीची सूचना द्यायला हवी. चार्ल्स डार्विन १८३५ च्या सप्टेंबरमध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ‘बीगल’ जहाजाने या बेटांवर आला. साऱ्या प्रवासात त्याला समुद्र लागण्याचा त्रास होत असे. तेव्हा आपल्याला मळमळ झाली तर लाजण्याचे कारण नाही. डिसेंबर ते मे या काळात येथील समुद्र तुलनेने शांत आणि उबदार असतो. जून ते नोव्हेंबर थंड प्रवाहामुळे पाणी गार आणि लाटा अधिक असतात. वृद्धांनी पहिला काळ निवडावा. जहाजाच्या मधल्या भागातील, खालच्या मजल्यावरची केबिन घ्यावी. तेथे हेलकावे कमी बसतात. मळमळू लागले की क्षितिजाकडे पाहावे, पुस्तक किंवा फोन बाजूला ठेवावा, आल्याचा तुकडा चघळावा.

मळमळ थांबवणाऱ्या गोळ्या मात्र शेजाऱ्याने दिल्या म्हणून घेऊ नयेत. त्यांतील बऱ्याच औषधांनी वृद्धांना गुंगी येते, तोल जातो, क्वचित भ्रमही होतो. प्रोस्टेटची वाढ असलेल्या पुरुषाची लघवी त्यांमुळे अडू शकते आणि काही प्रकारच्या काचबिंदूत डोळ्यातील दाब वाढू शकतो. कानामागे लावायच्या पट्टीलाही हे लागू आहे. कोणते औषध चालेल हे घरून निघण्यापूर्वी विचारून, घरीच एकदा घेऊन पाहावे.

कोणी जाऊ नये

स्पष्ट लिहितो. गेल्या काही महिन्यांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झाला असेल, विश्रांतीतही धाप लागत असेल, आधाराशिवाय खुर्चीतून उठता येत नसेल, वारंवार तोल जात असेल किंवा स्मृतिभ्रंशामुळे अनोळखी जागी रात्री गोंधळ उडत असेल, तर ही सफर टाळावी. अशांसाठी धक्क्याला लागणारी मोठी जहाजे आणि जवळची ठिकाणे आहेत. बाकीच्यांनी वयाच्या आकड्याला घाबरू नये. तसेच, जहाजावर गेले म्हणजे प्रत्येक पायरी चढलीच पाहिजे असेही नाही. बऱ्याच ठिकाणी होडीतूनच कांदळवनात फेरी मारता येते, आणि जे पायी जाणाऱ्यांना दिसत नाही ते होडीतल्यांना दिसते.

सहाव्या दिवशी आम्ही सांताक्रूझच्या डोंगराळ भागात गेलो. तेथे बसने जाता येते आणि रस्ता सपाट आहे. ओल्या गवतात महाकाय कासवे चरत होती. शंभरी ओलांडू शकणारे, दोनशे किलोंहूनही अधिक वजनाचे हे जीव. एक कासव आमच्या वाटेत आले. नियमाप्रमाणे आम्ही थांबलो. त्याने वाट ओलांडायला सात-आठ मिनिटे घेतली. दादा सगळा वेळ टोपी हातात घेऊन उभे होते. वहिनी असत्या तर काय म्हणाल्या असत्या, हे त्यांनी मला नंतर सांगितले. ते आमच्यातच राहू दे.

सातव्या दिवशी फ्लोरियाना बेटावर ‘पोस्ट ऑफिस बे’ला उतरलो. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून देवमाशांची शिकार करणारे खलाशी तेथील पिंपात पत्रे ठेवत आणि घराकडे जाणारे जहाज ती घेऊन जाई. आजही प्रवासी तिकिटाशिवाय पत्र टाकतात, आणि त्या गावाचा कोणी आला तर ते उचलून हाती नेऊन देतो. दादांनी पुतणीच्या पत्त्यावर एक कार्ड टाकले. ते अजून पोचलेले नाही. दादांची प्रकृती ठीक आहे आणि दर महिन्याला ते तपासणीसाठी येतात.

आता एखादे जोडपे प्रवासाचा अर्ज घेऊन माझ्यासमोर बसले की मी सही करण्याआधी, रक्तदाबाचा पट्टा बांधण्याही आधी, एक प्रश्न विचारतो: “प्रवासात लघवीचं कसं करता? पाणी पिता का, गोळी घेता का?” यजमान म्हणतात, “हो हो, सगळं व्यवस्थित.” मी थोडा थांबतो. खरे उत्तर बहुधा शेजारच्या खुर्चीतून येते.